चार-वीस म्हणजे चारशेवीस नव्हे

संपादक साहेब,
नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात साखर कारखान्यांच्या ऑटोमेशनवर अर्धं पान लेख आला होता. लेख चांगला होता, सेन्सर, डेटा, एआय सगळं होतं, फक्त एका ठिकाणी '४२० एम.ए. सिग्नल' असं छापलंय आणि ते वाचून आमच्या शॉपमधली पोरं दिवसभर हसायलीत. एकजण म्हणाला काका, गडी चारशेवीस तर आहेच, वर एम.ए. पण झालाय की. कात्रण आता टूल बोर्डावर लावलंय. तर पहिली दुरुस्ती ही की ते ४ ते २० मिलीअँपिअर आहे, करंटचं माप. राग मानून लिहीत नाही, उलट बरं झालं, त्या निमित्तानं पेन हातात घेतला. कारण लेखात जे काही होतं ते सगळं आत येणाऱ्या सिग्नलबद्दल, बॉयलरचं प्रेशर किती, रसाचा पीएच किती, टँकची लेव्हल किती. बाहेर जाणाऱ्या सिग्नलबद्दल एक ओळ नाही, आणि माझी २८ वर्षं त्या बाहेर जाणाऱ्या दोन वायरींच्या मागंच गेलीत.

मी उद्यमबागेत इन्स्ट्रुमेंटची कामं करतो. पावसाळ्यात शॉपमध्ये, सिझन लागला की चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, जिकडून फोन येईल तिकडं बॅग घेऊन.

पीएलसी, म्हंजे यंत्रं चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर, कारखान्याचा मेंदू असं सगळे म्हणतात, म्हणू दे. पण त्या मेंदूत काय असतं तर आकडे. सिमेन्सच्या पीएलसीवर काम केलेल्या कुठल्याही पोराला विचारा, १०० टक्के म्हंजे किती, तो झोपेत सांगेल २७६४८. बरोबर आहे. पण तो आकडा वाल्वला कळत नाही की हो. वाल्वला हवा कळते, हवेच्या आधी जो आय-टू-पी कन्व्हर्टर (करंटप्रमाणे हवेचं प्रेशर देणारा) नाहीतर पोझिशनर (वाल्व नेमका जागेवर आणणारा) बसलेला असतो त्याला करंट कळतो. आकड्याचा करंट करणारी जी चीज आहे ती डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर, आम्ही सगळे डॅक म्हणतो, ती आउटपुट कार्डाच्या पोटात बसलेली असते, नखाएवढी चिप, कधी कुणी तोंड बघितलेलं नसतं. चिप आधी आकड्याप्रमाणे बारीक व्होल्टेज तयार करते, मग पुढचं सर्किट त्याचा करंट करून बाहेर ढकलतं.

करंटच का, व्होल्टेज का नको, हे नवीन पोरं विचारतात. त्यांना मी कॅनॉलचं सांगतो. घटप्रभेच्या कॅनॉलला वरनं पाणी कितीही सोडा, टेलच्या शेतकऱ्याला काय पोचतं ते त्यालाच विचारा. व्होल्टेजचं तसंच, ४०० मीटर केबलमधून जाताजाता वाटेत गळतं. करंटचं तसं नाही, एकच लूप असतो, जेवढा एका टोकाला शिरला तेवढाच दुसऱ्या टोकाला निघतो, बंद पाइपासारखं. आणि ४ पासून सुरुवात का तर शून्य टक्के आणि तुटलेली वायर यात फरक कळावा म्हणून. जुन्या काळी हवेवर सगळं चालायचं तेव्हा पण ३ ते १५ पीएसआय असंच होतं, तळ शून्यावर ठेवायचा नाही, आणि वरचा आकडा खालच्याच्या पाचपट. तीच रीत विजेत आली.

आता मुद्द्यावर येतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर 'वाल्व ९० टक्के' असं जे दिसतं ना, तो वाल्व ९० टक्के उघडलाय असा त्याचा अर्थ नाही. पीएलसीनं ९० मागितलंय एवढंच. मागितलेलं आणि पोचलेलं यात फरक पडू शकतो हे मी एवढ्या मोठमोठ्या साहेब लोकांना सांगून थकलोय म्हणून आता पेपरात लिहायलोय.

एक अनुभव सांगतो. सीमेवरचा एक कारखाना, नाव लिहीत नाही. ऐन सिझन, क्रशिंग फुल्ल, आणि बॉयलरच्या ड्रमची लेव्हल टिकेना. बॉयलरवर लोड कमी असला की सगळं झकास, लोड चढला की लेव्हल हळूहळू खाली. तीन रात्री शिफ्टच्या लोकांनी बायपास वाल्व हातानं उघडून धकवलं. मला फोन आला, मी रात्री ११ ला पोचलो, बॉयलरचा ऑपरेटर हात जोडून म्हणतो, सर, ओपन आगवल्दु री. म्हंजे उघडतच नाही. पडद्यावर बघतो तर फीड वॉटर वाल्व, म्हंजे बॉयलरला पाणी देणारा, ९६ टक्के. बाहेर जाऊन वाल्वच्या स्टेमवरची पट्टी बघतो तर पाऊण. साधारण ७५ च्या खाली, तिथनं पुढं हलत नाही.

मग काय, सगळ्यांचा वाल्ववर राग. मेकॅनिकलवाले म्हणायला लागले ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबणारं) आवळलंय जास्त, ते सैल केलं. हवेचं प्रेशर बघितलं, बरोबर होतं. डायाफ्राम फाटलाय म्हणून उघडायची तयारी चालू झाली, रात्रीचा १ वाजलाय, आणि तेवढ्यात कुणीतरी एक फाईल आणून दाखवली की आउटपुट कार्डाचं कॅलिब्रेशन सिझनच्या आधीच झालंय, सर्टिफिकेट आहे, ४, ८, १२, १६, २० सगळं टंच. म्हंजे कार्डाकडं बघायचंच नाही असं ठरलं.

मी मीटर काढला, लूप तोडून सिरीजमध्ये लावला, आणि पॅनलवरनं १०० टक्के द्यायला सांगितलं. मीटरवर १५.९. परत दिलं, परत १५.९. वीस काही येईना.

झालं होतं असं की त्या कार्डाची ताकद १० व्होल्टपर्यंत. म्हंजे २० मिलीअँपिअर पाठवायचे तर लूपमध्ये सगळं मिळून ५०० ओहमपर्यंतच रेझिस्टन्स चालतो. मूळचा आय-टू-पी २५० ओहमचा होता, केबलचे ३० धरा, २८० झाले, आरामात चालत होतं कितीतरी वर्षं. पण सिझनच्या तोंडाला कुणीतरी फील्डला एक डिजिटल इंडिकेटर लावला, त्याचे १००. नंतर पाहुणे येणार म्हणून रेकॉर्डर लावला, त्याला १ ते ५ व्होल्ट पाहिजे म्हणून २५० चा रेझिस्टन्स त्याच लूपमध्ये घातला. बेरीज करा, ६३०. १० व्होल्टला ६३० नं भागा, १५.९ मिलीअँपिअर, आणि ते स्केलवर बसवा, ७४ टक्के. डॅकला २० चा आकडा मिळालेला होता, त्यानं इमानदारीत २० चं काम सुरू पण केलं होतं, पण पुढं ढकलायला व्होल्टेजच शिल्लक नाही तर बिचारा काय करणार. वर पीएलसीला वाटतंय पाणी अजून कमी आहे म्हणून तो आणखी आणखी मागत बसलाय, आणि बॉयलरचा लोड उतरला की त्याला तो चढवलेला आकडा खाली आणायला वेळ लागायचा, मग उलटीकडं लेव्हल जास्त. ऑपरेटरला वाटायचं बॉयलरला भूत लागलंय.

आणि ते सर्टिफिकेट? ते पण खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. टेस्ट करणाऱ्यानं काय केलं, कार्डाच्या टर्मिनलवरनं फील्डची वायर काढली आणि तिथं मीटर लावला. मीटरचा रेझिस्टन्स किती, काही ओहम. बैल मोकळा पळवून बघितला आणि म्हणाला गाडी ओढतोय. सगळे आकडे बरोबर येणारच की. जोखड मानेवर असताना बघायला पाहिजे होतं, म्हंजे लूपमधला सगळा लोड, सगळा रेझिस्टन्स लागलेला असताना, लांबच्या टोकाला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. रेकॉर्डरचा २५० काढून टाकला आणि त्याला सिग्नल आयसोलेटर (सिग्नलची वेगळी नक्कल काढून देणारा) लावला, त्याचे ५० च ओहम, बेरीज ४३० वर आली, २० मिलीअँपिअर गेले, वाल्व पूर्ण उघडला. ग्लँड मात्र परत आवळायला सकाळ झाली.

दुसरा किस्सा छोटा आहे पण नुकसान त्यात जास्त झालं. वडगाव-खासबागकडं सुताच्या रंगाईचं एक युनिट, लहानसं, तिथं वाफेचा वाल्व आणि त्याला एक लोकल बोर्ड लावलेला, स्वस्तातला, मालकाला मी आधीच म्हटलं होतं पण असू दे. दिवसातनं दोन-तीनदा लाईट जाऊन यायची आणि दरवेळी रंगाच्या टाकीचं टेंपरेचर वर उडी मारायचं, दोन लॉटचा रंग गेला, एकाचा मरून होता तो कसलातरी विटकरी झाला. कारण काय तर त्या बोर्डावरची डॅक चिप लाईट आल्यावर जागी व्हायची ती मधोमध. अशा चिपा असतात, चालू झाल्या की शून्यावर उठणाऱ्या आणि मिड-स्केलला उठणाऱ्या, काहींना एक पिनच असते, ती खाली जोडली की एक, वर जोडली की दुसरं. बोर्ड करणाऱ्यानं कुठल्या तरी दुसऱ्या कामाचं डिझाइन तसंच उचललेलं. मधोमध म्हंजे १२ मिलीअँपिअर, म्हंजे वाल्व अर्धा उघडा, आणि कंट्रोलरचा प्रोग्राम चालू होऊन पहिला आकडा पाठवेपर्यंत चांगले १५-२० सेकंद. तेवढ्यात वाफ आपलं काम करून मोकळी. मालक म्हणायचे लाईटवाल्यांनी वाट लावली. लाईटवाल्यांच्या नावावर काय काय खपतं आपल्याकडं.

मोठ्या पीएलसीत हे ठरवता येतं, सीपीयू, म्हंजे पीएलसीचा मुख्य भाग, स्टॉप झाला तर आउटपुटनं काय करायचं, बंद करायचं, आहे तिथंच थांबायचं की ठरवून दिलेल्या आकड्यावर जायचं, प्रत्येक चॅनेलला वेगळं. पण किती ठिकाणी ते कुणी बसून भरलेलं असतं? मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी कंपनीतनं आलेलं तसंच. बगॅस (उसाचा चोथा) फीडरच्या ड्राइव्हला शून्य दिलं तर फीडर थांबतो, चांगलंच आहे. पण फीड वॉटरचा वाल्व काही ठिकाणी करंट गेला की उघडणारा ठेवतात, बॉयलर कोरडा पडू नये म्हणून, तिथं शून्य म्हंजे ड्रममध्ये पाण्याचा लोंढा आणि वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडं. एकच सेटिंग सगळ्यांना चालत नाही. हे प्रोसेसवाला, बॉयलरवाला आणि प्रोग्रामवाला तिघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं काम आहे, आणि ते तिघं एका टेबलावर चहालासुद्धा बसत नाहीत.

बिटांबद्दल पण थोडं लिहितो कारण कोटेशन घेऊन येणारे सगळे बिटच विकायलेत. १२ बिट नको साहेब, १६ बिट घ्या. १२ बिट म्हंजे ४०९६ पायऱ्या, १६ मिलीअँपिअरच्या स्पॅनला एक पायरी ०.००३९ मिलीअँपिअरची, म्हंजे ०.०२४ टक्के. आपल्या कारखान्यातले वाल्व, दहा-दहा सिझन बघितलेले, पॅकिंग सुकलेलं, ते अर्धा-एक टक्का मागितल्याशिवाय जागचे हलत नाहीत. त्यांना ०.०२४ पुरे नाही काय? आणि १६ बिटच्या ज्या ६५५३६ पायऱ्या, त्यातली एक पायरी म्हंजे दहा लाखात १५ भाग. आता पॅनलच्या आत पहाटे २० डिग्री आणि दुपारी ५० डिग्री, आणि कार्डातला रेफरन्स, म्हंजे डॅक ज्या ठराविक व्होल्टेजवर मापतो ते, स्वस्तातला, डिग्रीला दहा लाखात ५० भाग सरकणारा. ३० डिग्रीला १५०० भाग. म्हंजे शंभर पायऱ्या नुसत्या उन्हानं सरकल्या. १६ बिटचे पैसे दिले आणि खालचे सहा-साडेसहा बिट दुपारी उन्हात वाळत घातले, एवढंच. त्यापेक्षा चांगल्या रेफरन्सचं १२ बिट कधीही बरं. ८ बिट मात्र घेऊ नका, २५६ च पायऱ्या, एक पायरी ०.४ टक्क्याची, फर्नेसची वीज कमीजास्त करणाऱ्या थायरिस्टरला ते लावलं तर टेंपरेचर दोन पायऱ्यांच्या मधे कायम डोलत राहतं, आमच्या शेजारच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये हे नाटक बरेच दिवस चाललं होतं.

बिटापेक्षा मला एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आकडा एकानं वाढवला तर करंट नक्की वाढतोच काय? हसू नका. काही डॅकमध्ये मधल्या जागी, जिथं खालचे सगळे बिट शून्य होऊन वरचा मोठा बिट चालू होतो, तिथं रेझिस्टन्स जरा मागंपुढं असले तर आकडा वाढतो आणि करंट उलटा कमी होतो. कंट्रोलर म्हणतो थोडं उघड, वाल्वला निरोप जातो थोडं बंद कर. कंट्रोलर आणखी म्हणतो, मग एकदम उडी. नेमका ५० टक्क्याच्या आसपास हंटिंग होतं, म्हंजे वाल्व सारखा मागंपुढं डोलतो, आणि लोक पीआयडीची (कंट्रोलरच्या हिशोबाची) ट्युनिंग करत बसतात. डेटाशीटमध्ये 'मोनोटॉनिक' असा एक शब्द असतो, तो शोधा, तो असला तर हा त्रास नाही.

आपल्या गावात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर, पॉलिटेक्निक, आयटीआय पण आहेत, त्यांची पोरं माझ्याकडं ट्रेनिंगला येतात, गुणी असतात. आर-टू-आर लॅडर, डॅकच्या आतली रेझिस्टन्सची शिडी, सगळ्यांना येतो, गणित पटकन सोडवतात, लॅबमध्ये ८०५१ च्या किटला डॅक-०८०८ लावून सीआरओवर जिन्यासारखा रॅम्प पण काढलेला असतो. पण मी विचारतो, हा लूप आहे, यात करंट किती ते मोजून दाखव, तर दहातली आठ पोरं मीटर पॅरलल लावतात आणि फ्यूज उडवतात. फ्यूजचा डबाच आणून ठेवलाय मी आता. पोरांची चूक नाही, त्यांना कुणी लूप दाखवलेलाच नाही. एक २४ व्होल्टचा सप्लाय, ४ ते २० देणारा एखादा सोर्स, एक जुना पोझिशनर, चार रेझिस्टन्स, एवढ्यावर एक प्रॅक्टिकल होतंय की: लोड वाढवत न्या आणि कुठं करंट २० ला पोचायचा बंद होतो ते लिहून काढा. भंगारातले आय-टू-पी माझ्याकडं पडून आहेत, कुठल्या कॉलेजला पाहिजे असतील तर फुकट देतो, टेंपोचं भाडं तेवढं त्यांचं.

आता हे सगळं आत्ताच का लिहायलोय तर सध्या कारखाने बंद आहेत, ओव्हरहॉलिंग चालू आहे, रोलर निघालेत, ट्यूब साफ होतायत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की मग कुणी कुणाचं ऐकत नाही. ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांना हात जोडून विनंती की या दोन महिन्यात प्रत्येक आउटपुट लूप लोडसकट तपासा, मीटर सिरीजमध्ये वाल्वच्या टोकाला, एक माणूस पडद्यासमोर आणि एक वाल्वपाशी, ४, ८, १२, १६, २० आणि तसंच परत खाली, कारण वर जाताना बरोबर आणि खाली येताना अडकणारे पण वाल्व असतात. मग एकदा सीपीयू मुद्दाम स्टॉप करून बघा कुठला वाल्व कुठं जातो, आणि एकदा पॅनलची लाईट घालवून परत आणा. बॉयलर थंड आहे तोवर हे करायला काही लागत नाही. आणि नवीन कार्ड घेणार असाल तर प्रत्यक्ष किती करंट बाहेर गेला ते परत वाचून पीएलसीला सांगणारं घ्या, अशी कार्डं मिळतात, वायर तुटली, लोड जास्त झाला हे पण ती सांगतात. पडद्यावर मागितलेला आकडा एका रंगात आणि पोचलेला दुसऱ्या रंगात शेजारी-शेजारी दिसला पाहिजे. खरेदी कमिटीतल्या संचालकांना बाकी काही कळलं नाही तरी चालेल, दोन आकडे सारखे आहेत की नाहीत हे कुणालाही कळतं, उसाच्या काट्यावर कळतं तसं. काट्याचा विषय मी काढायला नको होता, असो.

आपल्या लेखात एआय बॉयलर चालवणार असं लिहिलंय. चालवू दे की, माझी ना नाही. पण तो एआय पण शेवटी आकडाच काढणार आणि तो आकडा त्याच कार्डातनं, त्याच दोन वायरीतनं जाणार, आणि वायरीत ६३० ओहम असले तर त्याला पण ७४ टक्केच मिळणार.

लेख लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांना कधी बघायचं असेल तर सिझनमध्ये माझ्याबरोबर एक रात्र यावं, स्वेटर घेऊन यावं, कंट्रोल रूमचा एसी फार थंड असतो.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक
उद्यमबाग, बेळगाव

ता. क. पत्र छापताना ४ आणि २० च्या मधला 'ते' कृपया काढू नका. तो गेला की परत चारशेवीस होतंय.